शिलाजीत: निखाऱ्यावरचे आणि कागदावरचे

थंडी पडली की शिलाजिताविषयीची पत्रे वाढतात. यंदा ती इतकी आली की हे अख्खे सदर त्यालाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (नाशिक): डबीवर 'प्युअर रेझिन' असे लिहिले आहे. म्हणजे हा कुठल्या झाडाचा डिंक आहे का? दिसायला तर मी द्राक्षबागेत ड्रिपमधून सोडतो त्या ह्युमिकसारखा दिसतो.

झाडाचा नाही. विक्रेते 'रेझिन' म्हणतात ते फक्त त्याच्या चिकट, तार सुटणाऱ्या रूपावरून. जुने नाव जास्त नेमके आहे: शिलाजतु, म्हणजे दगडाची लाख. हिमालय, काराकोरम, हिंदुकुश, पलीकडे अल्ताई आणि काकेशस या डोंगरांत भर उन्हाळ्यात खडक तापला की भेगांतून हा काळपट पदार्थ पाझरतो. खडकांत अडकलेली शेवाळे आणि चिकाच्या वनस्पती फार दीर्घ काळ कुजून तो तयार होतो, असे मानले जाते. त्यामुळे 'खनिज' हा शब्दही अर्धाच खरा. त्यातला साधारण ६० ते ८० टक्के भाग सेंद्रिय, ह्युमिक वर्गातला (वनस्पती कुजून होणाऱ्या काळपट द्रव्यांचा) असतो आणि उरलेल्यात मुख्यतः खनिजे.

राळ आणि शिलाजीत यांतला फरक स्वयंपाकघरात कळतो. राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. शिलाजिताचे नेमके उलटे. कोमट पाण्यात ते पूर्ण उतरते आणि स्पिरिटमध्ये त्याचा बराचसा गोळा तळाशी तसाच राहतो.

आता तुमच्या ह्युमिकचे. तुमचे डोळे फसलेले नाहीत. खतातले पोटॅशियम ह्युमेट लिग्नाइटसारख्या कोळशापासून काढतात. तेही काळे, चकचकीत, पाण्यात विरघळणारे आणि ह्युमिक वर्गातलेच. म्हणूनच ते भेसळीला सर्वांत सोयीचे. हा मुद्दा पुढच्या उत्तरात लागणार आहे.

प्रश्न (कोल्हापूर): जत्रेत एकाने निखाऱ्यावर तुकडा टाकून दाखवला. तो फुगून उभा राहिला. पाण्याच्या ग्लासात टाकल्यावर धागे सुटले. म्हणजे माल खरा ना?

या दोन्ही परीक्षा ग्रंथोक्त आहेत. निखाऱ्यावर टाकले असता धूर न करता लिंगाच्या आकारात फुगावे आणि गवताच्या काडीच्या टोकाने पाण्यात सोडले असता तंतू सुटत खाली जावे, ही शुद्ध शिलाजिताची लक्षणे सांगितली आहेत. अडचण अशी की भेसळ करणाऱ्यांनीही ती वाचलेली आहेत.

जाळलेली काकवी घ्या. ती निखाऱ्यावर फसफसून फुगते आणि काळा, पोकळ खांबही उभा राहतो. पाण्यात ती तपकिरी धागे सोडते. स्पिरिटमध्ये विरघळत नाही. म्हणजे फुगणे, धागे, स्पिरिट आणि धूर या चार ढोबळ परीक्षांपैकी तिनांत पास. ती पकडली जाते धुरात आणि वासात: साखर जळाल्याचा, करपलेल्या चिक्कीचा वास येतो, धूर निघतो. म्हणून निखाऱ्याची परीक्षा बघताना फुगण्याकडे नाही, धुराकडे लक्ष द्या. विक्रेता नेमका उलट करतो, फुगणे दाखवतो आणि बोलत राहतो. दुसरी खूण जिभेवर आहे. खरे शिलाजीत कडू, किंचित खारट, तुरट लागते आणि गोमूत्रासारखा वास मारते. जिभेला गोडी लागली तर तिथेच थांबा.

डांबर किंवा मेणकट पदार्थ मिसळला असेल तर तो पेट घेतो, काळा धूर सोडतो आणि पाण्यावर तेलकट तवंग येतो. हे पकडायला सोपे.

खरा त्रास पोटॅशियम ह्युमेटचा. ते पेटत नाही, गोड लागत नाही, पाण्यात छान उतरते. घरी करता येण्याजोगी एक खूण आहे. चिमूटभर माल अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवा आणि पीएच पट्टी बुडवा. शिलाजिताचे पाणी बहुधा उदासीनच्या आसपास, ६ ते ८ या टापूत येते. ह्युमेटचे पाणी अल्कधर्मी, ९-१० पर्यंत जाते. पट्टी गडद निळी-हिरवी झाली तर माल परत करा. मात्र पट्टी बरोबर आली म्हणून माल खरा ठरत नाही. भेसळ करणारा आम्ल टाकून पीएच खाली आणू शकतो.

थोडक्यात, घरच्या परीक्षांनी खोटे पकडता येते, खरे सिद्ध करता येत नाही. आणि मालात शिसे किती हे निखारा कधीच सांगणार नाही.

प्रश्न (पुणे): मग लॅब रिपोर्ट मागावा का? एका कंपनीने पाठवला, पण त्यातले काय बघायचे?

जरूर मागावा, आणि या क्रमाने वाचावा.

आधी बॅच नंबर. डबीवरचा आणि रिपोर्टवरचा एकच हवा. दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच बॅचचा रिपोर्ट सगळ्या डब्यांसोबत फिरवणे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. मग प्रयोगशाळेचे नाव आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता.

त्यानंतर जड धातू. आपल्याकडच्या आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा अशा: शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. पीपीएम आणि मिलिग्रॅम प्रति किलो हे एकच. रिपोर्टमध्ये नुसते 'पास' नको, आकडा हवा. 'आढळले नाही' असे लिहिले असेल तर त्या यंत्राची मोजण्याची खालची मर्यादा शेजारी दिलेली असते, तीही बघा. १० पीपीएमच्या खाली काहीच न दिसणाऱ्या पद्धतीने 'आढळले नाही' म्हणण्याला अर्थ नाही. आयसीपी-एमएस या, धातूंचा अगदी सूक्ष्म अंशही मोजणाऱ्या यंत्रावरची चाचणी असेल तर उत्तम.

मग जंतू आणि बुरशी: एकूण जीवाणू, यीस्ट व बुरशी, ई. कोलाय, साल्मोनेला, अफ्लाटॉक्सिन. शुद्ध न केलेल्या मालात बुरशीचे विष (अफ्लाटॉक्सिन हे त्यातलेच) हाही धोका आहे, पण त्याची जाहिरातीत कुणी चर्चा करत नाही.

शेवटी फुल्विक अ‍ॅसिड, म्हणजे ह्युमिक वर्गातलाच पाण्यात सहज विरघळणारा भाग. डबीवर '८० टक्के फुल्विक' असे ठळक छापलेले असते आणि ग्राहक तेवढेच वाचतो. हा आकडा पद्धतीवर अवलंबून आहे. रंगावरून मोजणाऱ्या सोप्या पद्धती इतर विद्राव्य पदार्थही त्यातच धरतात, त्यामुळे आकडा फुगतो. खते आणि माती-सुधारकांसाठी २०१८ साली आलेल्या आयएसओ १९८२२ पद्धतीने मोजले तर त्याच मालाचा आकडा बराच खाली येतो. रिपोर्टमध्ये पद्धतीचे नाव नसेल तर तो आकडा सोडून द्या. तसेही फुल्विक कोळशातूनही येते. ते भरपूर असणे हा शिलाजीत असल्याचा पुरावा नव्हे.

प्रश्न (देवगड): शिलाजीत चालू असताना कुळीथ वर्ज्य म्हणतात. आमच्याकडे दिवसाआड कुळथाची पिठी असते. काय करायचे?

कोकणातून हाच प्रश्न सर्वांत जास्त आला आणि तो रास्त आहे. हे पथ्य ऐकीव नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात शिलाजिताचा विषय आहे. तिथे जळजळ करणारे आणि जड पदार्थ प्रयोगाच्या काळात टाळायला सांगितले आहेत, कुळीथ मात्र कायमचा. त्यामागचा तर्क असा की कुळीथ हा दगड फोडणारा, आणि शिलाजीत दगडाचे. तुमच्याकडे मुतखड्यावर कुळथाचे कढण देतात ना, त्यामागचे गणित हेच. जो दगडाचा शत्रू तो दगडातून आलेल्या औषधाचाही.

व्यवहारात असे करा. वैद्यांच्या सल्ल्याने रसायन (आयुर्वेदातले बल देणारे औषध) म्हणून ठरावीक आठवडे घेत असाल तर तेवढे दिवस पिठी, सांबार, मोडाची उसळ, सगळेच बाजूला ठेवा. पिठीऐवजी बेसनाचे किंवा मुगाचे पिठले चालेल. एखाद्या दिवशी लग्नाच्या पंगतीत कुळीथ पोटात गेला तर विषबाधा होत नाही, घाबरून जाऊ नका. पण 'कायमचा वर्ज्य' हे वचन पाळायचेच असेल आणि पिठीशिवाय जेवण जात नसेल, तर शिलाजीत सोडणे जास्त सोपे. ते काही अन्न नाही.

प्रश्न (ठाणे): २० ग्रॅमच्या डबीबरोबर चमचा येतो. मात्रा नेमकी किती? किती दिवस?

तो चमचा टाकून द्या. चिकट पदार्थ चमच्यावर कधी अर्धा बसतो, कधी दुप्पट.

शुद्ध शिलाजिताची आजची रूढ मात्रा दिवसाला २५० ते ५०० मिलिग्रॅम. सोने मोजायचा छोटा डिजिटल काटा (०.०१ ग्रॅमपर्यंतचा) असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर डोळ्यांना अंदाज असा द्या: देशी हरभऱ्याच्या कोरड्या दाण्याएवढी गोळी म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास, काबुली चण्याएवढी म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे २० ग्रॅमची डबी रोज २५० मिलिग्रॅमने ८० दिवस पुरायला हवी, ५०० ने ४०. तुमची डबी तीन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम घेत आहात.

पहिला आठवडा निम्म्या मात्रेने काढा. कपभर कोमट दुधात किंवा पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळत्या दुधात टाकू नका, कपाच्या बुडाला चिकटून बसते आणि मात्रा बुडालाच राहते. सकाळी अनशापोटी घेतात, पण छातीत जळजळ होत असेल तर न्याहारीनंतर घ्या.

काही वाचकांनी चरकातली मात्रा काढून विचारले आहे, की तिथे एक पल, अर्धा पल, एक कर्ष असे तीन स्तर आहेत, मग आपण इतके कमी का? पल म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम. आता हिशोब करा. शिसे मर्यादेत, म्हणजे १० पीपीएम असलेला माल अर्धा ग्रॅम घेतला तर पोटात ५ मायक्रोग्रॅम शिसे जाते. तोच माल एक पल घेतला तर ४८० मायक्रोग्रॅम, रोज. ग्रंथातली मात्रा ज्या द्रव्यासाठी आणि ज्या देखरेखीसाठी होती ते दोन्ही आज डबीत मिळत नाही.

मुदतीबाबत मात्र ग्रंथ आजच्या जाहिरातींपेक्षा शहाणे आहेत. तिथे एक, तीन किंवा सात आठवडे असे प्रयोग सांगितले आहेत. आधुनिक चाचण्याही बहुतेक दोन ते तीन महिन्यांच्या आहेत. 'आयुष्यभर रोज' याला दोन्हीकडून आधार नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): लेहहून येताना एकाने कच्च्या शिलाजिताचे दगड दिले आहेत. घरी शोधन (शुद्धीकरण) करता येईल का?

करता येते, पण आधी ते काय करते आणि काय करत नाही हे लक्षात घ्या. शोधनाने वाळू, माती, काड्या, न विरघळणारा गाळ निघतो. पाण्यात विरघळलेले आर्सेनिक आणि शिसे त्याने जाईलच असे नाही.

कृती अशी. १०० ग्रॅम दगड खलबत्त्यात जाडसर कुटा, वस्त्रगाळ नको. १०० ग्रॅम भरड त्रिफळा ८०० मिली पाण्यात मंद आचेवर चौथाई, म्हणजे २०० मिली उरेपर्यंत आटवा आणि गाळा. भांडे स्टीलचेच घ्या. लोखंडी कढईत त्रिफळ्याचा काढा लोखंडाशी लागून शाईसारखा काळा होतो, मग शिलाजीत किती उतरले ते रंगावरून कळत नाही. गरम काढ्यात कूट टाकून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी हाताने चोळा, अर्धा तास स्थिर ठेवा, वरचे पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा. खाली राहिलेल्या गाळावर पुन्हा गरम पाणी घाला, पुन्हा चोळा. उतरणारे पाणी चहाच्या रंगाहून फिके होईपर्यंत, साधारण दोन-तीन वेळा, हेच करा.

सगळे पाणी एकत्र करून पुन्हा एक रात्र निवळू द्या. इथे घाई करणाऱ्यांचेच शिलाजीत दाताखाली कचकचते. निवळ अलगद ओतून घ्या, तळाचा बोटभर थर सोडून द्या.

आता आटवणे. सूर्यतापी करायचे तर पसरट थाळ्यात ओतून, वर मलमल बांधून कडक उन्हात ठेवा. वर काळी साय धरते, ती काढून वेगळ्या थाळ्यात जमवा. साय येणे थांबेपर्यंत पाणी घालून पुन्हा उन्हात. हे एप्रिल-मेमध्येच जमते. दमट हवेत पाणी चार दिवस तसेच राहिले तर त्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो, ते सगळे टाकून द्यावे लागते. अग्नितापी करायचे तर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात हे भांडे ठेवा, थेट आचेवर नको. शेवटच्या तासाभरात घट्ट होताना सतत ढवळा. तळाला लागले तर करपट वास येतो आणि तो पुढे जात नाही.

वजन कच्च्याइतके कधीच भरणार नाही, माती जास्त असेल तर फारच कमी. आणि इतके सगळे करूनही त्यातला नमुना धातूंच्या चाचणीला दिल्याशिवाय पोटात घेऊ नका. चाचणीचा खर्च तयार डबीहून जास्त होईल. मग दगड शोकेसमध्ये ठेवणे हाच शहाणपणा, असे आमचे मत.

प्रश्न (मुंबई): पावसाळ्यात पावडरचा दगड झाला आणि कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या. खराब झाले का?

शिलाजीत हवेतली ओल ओढते, मुंबईच्या जुलैत तर झपाट्याने. नुसते चिकटले असेल तर खराब नाही. पांढरी-हिरवट लव, आंबूस वास किंवा बुडबुडे दिसले तर फेकून द्या. डबीत ओला चमचा घालू नका, झाकण घेतल्याबरोबर लावा. घट्ट गोळा काढता येत नसेल तर डबी वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. थंड शिलाजीत काचेसारखे ठिसूळ होते, टोकाने टिचकी मारली की तुकडा उडतो. हातात धरले की पुन्हा मऊ. असे होणे ही चांगली खूणच आहे.

प्रश्न (वर्धा): वडील ६२ वर्षांचे, मधुमेह आणि हृदयाची औषधे चालू. मित्राने दिलेल्या 'शिलाजीत गोल्ड' पुडीने तासाभरात फरक पडला म्हणतात. चालू ठेवावे का?

आजच बंद करा. शिलाजीत तासाभरात काहीही करत नाही. ज्या चाचणीचा जाहिरातीत दाखला देतात, तिच्यात ४५ ते ५५ वयाच्या निरोगी पुरुषांना २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सलग ९० दिवस दिले होते. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन साधारण पाचव्या हिश्श्याने वाढलेले दिसले. माणसे शंभराच्या आत होती. म्हणजे जो काही परिणाम आहे तो तीन महिन्यांचा आहे, तासाचा नाही.

तासात फरक पडणाऱ्या 'शक्तिवर्धक' पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) मिसळलेले अनेकदा सापडले आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी (जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटही त्यातलीच) घेणाऱ्या माणसात या जोडीने रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. पुडी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखून रुग्णालयात जावे लागले तर पुडी कधी घेतली होती हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा.

खऱ्या शिलाजितालाही मर्यादा आहेत. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त खाली जाऊ शकते, म्हणून सुरू करताना पंधरा दिवस साखर वरचेवर तपासावी. रक्तदाबाच्या औषधांबाबतही तेच. त्यात लोह असते, त्यामुळे थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असणाऱ्यांनी घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही.

आणि लैंगिक शक्ती वाढवण्याची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मुळातच बंद आहे. डबीवर तसे छापणारा उत्पादक धातूंच्या मर्यादा तरी कशाला पाळेल?

प्रश्न (सातारा): गडाच्या कड्यावर काळे ओघळ दिसतात. सह्याद्रीत शिलाजीत मिळते का?

बाजारातले शिलाजीत सह्याद्रीतून येत नाही. कड्यावरचे काळे ओघळ बहुतेक वेळा पाझरत्या पाण्यावर वाढलेल्या शेवाळाचे असतात, कपारीखाली वटवाघळांच्या विष्ठेचे, आणि उंचावर असतील तर जुन्या आग्या मोहोळाच्या जागेचे. शेवटच्या प्रकाराच्या खाली उभे राहून वास घेत बसू नका.

प्रश्न (सोलापूर): मी चंद्रप्रभा वटी घेते. वेगळे शिलाजीत घ्यावे का?

चंद्रप्रभा वटीत शिलाजीत आणि गुग्गुळ हेच दोन मोठे घटक आहेत. आरोग्यवर्धिनीतही शिलाजीत असते. वेगळी डबी घेण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, झाकणे नव्हे, पाकिटेच, वैद्यांपुढे ठेवा. घटकांची यादी त्यांवर बारीक अक्षरात छापलेली असते, आणि तिथे ते बहुधा 'शिलाजतु शुद्ध' या नावाने लिहिलेले असते.